चिमणीची साडेसहाशे

तिला सगळे चिमणी म्हणत. शाळेत कायम पहिल्या बाकावर बसायला लागायचं, तेव्हा कुणीतरी ठेवलेलं हे नाव. पुढे लग्न झालं, चाळिशी उलटली, कानामागचे केस पांढरे झाले, तरी नावानं पाठ सोडली नाही. उंचीनं बेताची, अंगानं शिडशिडीत, पण हात इतके स्थिर की बघणाऱ्यानं श्वास रोखून धरावा. हात तसे असणं भागच होतं, कारण ती कवळ्या बनवायची. शहराबाहेर, मोठ्या पुलापलीकडे एका डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून चिमणी मेणात एकेक दात रोवायची, हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवायची आणि शेवटचं पॉलिश झालं की कवळी डोळ्यांसमोर धरून तिच्याकडे बघून हसायची. "ती परत हसली नाही तर काम अजून बाकी आहे," असं तिचं म्हणणं.

दवाखाना पूर्वी बाजारात होता, घरापासून हाकेच्या अंतरावर. तो पुलापलीकडे गेला आणि चिमणीची रोजची लढाई सुरू झाली. तिच्याकडे शंभर सीसीची जुनी मोटरसायकल होती. गल्लीबोळात गुणाची पोर, पण हमरस्त्याला लागली की रडकुंडीला यायची. मागून ट्रक भोंगा मारत यायचा आणि शेजारून जाताना वाऱ्याचा असा फटका द्यायचा की चिमणी गाडीसकट हातभर बाजूला. मूठ पार शेवटपर्यंत पिळली तरी गाडी आपली कुंथतेय. आणि पुलाच्या मध्यावर आलं की उजव्या हाताला लांब निळे डोंगर दिसायचे. रोज दिसायचे. त्यातून एक घाट वर चढतो आणि पलीकडे तळ्याकाठच्या गावात उतरतो, एवढं तिला नकाशावरून ठाऊक होतं. त्या गाडीवरून घाट चढायचा म्हणजे अर्ध्या वाटेवर उतरून ढकलायची तयारी हवी.

"मला मोठी गाडी घ्यायचीय," एकदा जेवताना ती म्हणाली.

नवरा बेकरीवाला. पहाटे भट्टी पेटवणारा, दुपारी घरी येऊन डाराडूर झोपणारा, देहानं आडदांड आणि स्वभावानं मऊ. त्याला वाटलं, चारचाकी. "घेऊ की. पाव पोचवायलाही बरी पडेल."

"चारचाकी नव्हे रे. मोटरसायकल. साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडरची. स्पोर्ट."

त्याचा घास हातातच राहिला. "स्पोर्ट म्हणजे ती पालथं पडून चालवतात ती?"

"तेवढं नाही वाकावं लागत. रोज कामावर जाता येतं, लांब फिरायलाही चालते. फार जड नाही, मध्यम वजनाची असते."

"मध्यम म्हणजे किती?"

"तुझ्या दुप्पट."

नवरा आपल्या पोटाकडे बघत राहिला. सासूबाई इतका वेळ मान खाली घालून निवांत जेवत होत्या. सगळी हयात त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काढलेली, त्यामुळे त्यांचं पहिलं लक्ष नेहमी एकाच गोष्टीकडे जायचं.

"रंग कुठला?" त्यांनी विचारलं.

"लाल."

"मग घे. लाल रंगाला मरण नाही."

झालं. बेकरीवाल्याच्या घरात सासूबाईंनी एकदा "घे" म्हटलं की पुढचं बोलणं संपत असे.

शोरूममध्ये गेल्या गेल्या तिथल्या विक्रेत्यानं अदबीनं हात केला, "मॅडम, स्कूटर त्या बाजूला."

"असू देत," चिमणी म्हणाली, "त्यांना तिथंच बरं वाटत असेल." आणि सरळ लाल गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

गाडी पुढून एखाद्या पक्ष्यानं मान खाली घालून झेप घ्यावी तशी दिसत होती. चिमणीनं पाय टाकला, सीटवर बसली, आणि तिच्या लक्षात आलं की दोन्ही पाय जमिनीला लागतात खरे, पण नुसते चवडे. टाचा हवेत. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर "मी म्हटलं नव्हतं?" असं लख्ख लिहिलेलं. पण त्याच वेळी तिनं बटण दाबलं. इंजिन आधी खाकरलं आणि मग खालच्या पट्टीत गुरगुरायला लागलं. ती गुरगुर सीटमधून पाठीच्या मणक्यापर्यंत चढली. नवरा नंतर सगळ्यांना सांगायचा, "लग्नात हार घालताना हिच्या तोंडावर असा आनंद नव्हता हो!"

गाडी घरी आली त्या दिवशी तिनं रिंगरोडला एक चक्कर मारली. शंभर सीसीवर ज्या चढाला ती गाडीला "चल गं बाई, चल" म्हणत असे, तो चढ कधी आला नि कधी गेला, तिला कळलंच नाही. मूठ जरा फिरवली की रस्ता जणू कुणी खसकन आपल्याकडे ओढून घेतोय. घरी परतली तेव्हा गाल दुखत होते. हसून हसून. सासूबाईंनी तिचं नवं जॅकेट ताब्यात घेतलं, कारण त्याच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. दोन दिवस यंत्रावर बसून त्यांनी ते असं बेतून दिलं की आतल्या कोपरांच्या पट्ट्याही बरोबर कोपरावर आल्या. "आता दिसतेस माणसासारखी," त्या म्हणाल्या.

इथवर सगळं झकास. मग रोजचं जाणं-येणं सुरू झालं.

सकाळच्या गर्दीत, सिग्नलला थांबत थांबत, इंजिनाची धग मांड्यांवर यायला लागली. मनगटं दुखायला लागली. जुनी गाडी दोन मोटारींच्या फटीतून सुळकन निघायची; ही वळवायची म्हणजे अर्धा चौक मोकळा लागायचा. हमरस्त्यावर ती राणी होती, पण हमरस्ता लागेपर्यंत चिमणीचा जीव मेटाकुटीला यायचा. आणि एका सकाळी दवाखान्याच्या आवारात व्हायचं ते झालं. गाडी उलट दिशेला वळवून लावायची होती. हँडल पूर्ण वळलेलं, वेग जवळजवळ नाही, समोर एकदम डॉक्टरीणबाईंचं मांजर आलं आणि चिमणीनं पुढचा ब्रेक दाबला. गाडी थबकली, कलली. चवडा जमिनीला टेकला, पण तेवढं वजन एका चवड्यानं थोडंच पेलतंय? लाल राणी सावकाश, अगदी दमानं, आडवी झाली. चिमणी बाजूला उडी मारून सुटली. मांजर कुंडीवर बसून बघत राहिलं.

दवाखान्याच्या खिडकीत पेशंटांची तोंडं. त्यातली निम्मी कवळीविना, त्यामुळे आ वासलेला जरा जास्तच दिसत होता.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "लागलं का गं?"

"मला नाही. हिला लागलं," चिमणी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. गाडी उचलायची रीत तिनं शिकून घेतली होती. पाठ सीटला लावायची, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर उलटं चालत जायचं. तिनं ती उचललीही, एकटीनं. पण आरशाची काच तडकली होती, लाल अंगावर पांढरा ओरखडा उठला होता आणि त्याहून मोठा ओरखडा आत कुठेतरी पडला होता.

दुसऱ्या दिवशी ती शंभर सीसीवर कामाला गेली. तिसऱ्या दिवशीही. लाल गाडी जिन्याखाली चादर पांघरून उभी.

नवऱ्यानं काही दिवस वाट पाहिली. मग एका सोमवारी, बेकरी बंद असते त्या दिवशी, त्यानं पावाचे रिकामे साचे पोत्यात भरले आणि बायकोला म्हणाला, "चल. आणि ती लाल घेऊन चल."

बाजाराच्या मागचं मैदान सोमवारी ओस असायचं. नवऱ्यानं साचे पालथे घालून मांडले: इकडे नागमोडी रांग, तिकडे गोल, पलीकडे एक अरुंद गल्ली. स्वतः मधोमध स्टूल टाकून बसला.

"हे कुठे शिकलास?" चिमणीनं विचारलं.

"इंटरनेटवर बघितलं. मागचा ब्रेक हलका दाबून ठेव, क्लच अर्धा सोड, आणि साच्याकडे बघू नकोस. जिथं जायचंय तिथं बघ. एक साचा चिरडलास तर एका पावाचं नुकसान, एवढंच."

पहिल्या फेरीत तिनं इतके साचे चिरडले की नवऱ्यानं मोजणं सोडून दिलं. पण दुपार कलेपर्यंत लाल गाडी चालण्याच्या वेगानं त्या गल्लीतून जायला लागली, पाय न टेकता. हात शहाणे होतेच. त्यांना फक्त कुणीतरी घाई नाही असं सांगायला हवं होतं. तरीसुद्धा घरी येताना चिमणी म्हणाली, "मैदानात जमतं रे. रस्त्यावर मांजरं असतात." मनातली भीती गेली नव्हती. जवळच्या शाळेतल्या व्यायामाच्या सरांना अशीच गाडी विकत हवी होती. त्यांनी निरोप पाठवला होता, आणि चिमणीनं "रविवारी सकाळी येऊन बघा" असं कळवून टाकलं. सासूबाई दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलल्या.

तो रविवार उजाडला. चिमणी गाडी पुसत होती, आणि जितकी पुसत होती तितकं तिचं तोंड उतरत होतं. इतक्यात फोन वाजला.

"कवळी हुटली गं!" पलीकडून आवाज आला. "बेशिनात पडली आणि दोन तुकडे! आता मी काय करू?"

चिमणीनं आवाज ओळखला. म्हणजे दात नसले तरी ओळखला. तळ्याकाठच्या गावातल्या या म्हाताऱ्या बाईंना सगळे आवाजबाई म्हणत. तिथं दर वर्षी तळ्यावर होड्यांची शर्यत होते, आणि काठावरून माइकवर तिचं वर्णन करायचं काम आवाजबाईंचं. त्यांनी वर्णन केलं नाही तर लोकांना शर्यत झाल्यासारखी वाटत नसे. जुनी कवळी सैल झाली म्हणून त्यांनी नवी बनवायला टाकली होती. मेणातला नमुना तोंडात बसवून पाहून गेल्याही होत्या. नवी कवळी शनिवारीच तयार झाली होती आणि दवाखान्यात पाण्याच्या डबीत आपल्या मालकिणीची वाट बघत होती.

"शर्यत आज दुपारी आहे," आवाजबाई म्हणाल्या. "यंदा शेवटचं. पुढल्या वर्शी माइक गावातल्या पोरींकडे देणार आहे. शेवटचं शमालोचन मी अशं करू? होड्या शुटल्या म्हणू?"

"तुम्ही गाडी पाठवता का कुणाची?"

"कशी पाठवू? घाटातला पूल खचलाय. मोठी वाहनं बंद. लांबून यायचं म्हणजे शंध्याकाळ. नुशत्या दुचाक्या शोडतायत."

नुसत्या दुचाक्या सोडतायत. चिमणीच्या हातातलं फडकं थांबलं.

"तुम्ही गरम पाण्यानं चुळा भरून ठेवा," ती म्हणाली. "मी आणते."

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"तू? घाटातून? त्या गाडीवर?"

"हो."

"बरं. घासायचं यंत्र बरोबर घे, कुठे टोचलं तर लागेल. पोचलीस की व्हिडिओ लाव. मी तोंडात बघून सांगते."

"फोनमधून?"

"मग काय तोंड इथं घेऊन येतेस?"

दारात दोन्ही गाड्या उभ्या होत्या. चिमणीनं सवयीनं शंभर सीसीची किल्ली उचलली. भट्टीवरून नुकताच चहाला घरी आलेला नवरा हेल्मेट घेऊन उभा होता. त्यानं तिच्या हातातली किल्ली हळूच काढून घेतली आणि दुसरी ठेवली.

"हिच्यावर गेलीस तर तू पोचशील तेव्हा होड्या वाळत घातलेल्या असतील."

"आणि ते व्यायामाचे सर येतायत त्याचं काय?"

"त्याला मी बघते," आतून सासूबाईंचा आवाज आला. "तू नीघ."

दवाखान्यातून डबी घेतली, कपड्यात गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत मधोमध ठेवली. रविवारची सकाळ, हमरस्ता मोकळा. तिनं गियर टाकला. नेहमीचा एक ट्रक पुढे धूर सोडत चालला होता. चिमणीनं आरशात पाहिलं, मूठ फिरवली, आणि ट्रक मागे गेला. वाऱ्याचा धक्का नाही, डुगडुग नाही. ती आपली सरळ रेषेत, टाकीला गुडघे लावून, काचेमागे जरा खाली वाकून. ज्या पुलाच्या मध्यावरून रोज डोंगर बघायची तो पूल मागेच राहिला होता, आणि दवाखान्यातून निघाल्यावर आज पहिल्यांदा तिनं घराकडचं वळण सोडून दिलं होतं. सरळ निघाली. तिला उगाचच शाळा बुडवल्यासारखं वाटलं.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणाला तिचे खांदे दगडासारखे झाले. गाडी वळणाच्या बाहेर ओढली गेली, पांढऱ्या पट्टीच्या जवळ गेली. "जिथं जायचंय तिथं बघ," तिनं स्वतःला सांगितलं आणि मान वळवून वळणाच्या पार पलीकडे, रस्ता जिथून पुन्हा दिसायला लागतो तिथं नजर लावली. गाडी नजरेमागून आली. आज्ञाधारकपणे, कललेली, गुळगुळीत. पुढच्या वळणाला तसंच. त्याच्या पुढच्या वळणाला तिनं वळणाआधीच वेग उतरवला, कलली, आणि निघताना मूठ पिळली. इंजिनानं खालच्या पट्टीतून वरची पट्टी घेतली, दरीच्या भिंतीवर तो आवाज आपटून परत आला, आणि चिमणी हेल्मेटच्या आत चक्क ओरडली. काय ओरडली ते तिलाही आठवत नाही. शब्द नव्हतेच त्यात.

मग वळणावर वळण. डावं, उजवं, डावं. हात, गुडघे, नजर, सगळं एका तालावर यायला लागलं. कवळीच्या कामात हात लागला की तिला बाहेरचं काही ऐकू येत नसे, तसंच झालं. फक्त इथं खिडकीऐवजी अख्खा डोंगर होता.

वर धुकं लागलं. तिनं वेग कमी केला, दिवा लावला. आणि धुक्यातून अचानक लाल-पांढरे बांबू पुढे आले. खचलेला पूल. एका बाजूचा कठडा गेला होता. रस्त्याचा एकच पट्टा उरलेला, त्यावर लोखंडी पत्रे टाकलेले, ओले. अलीकडे मोटारींची रांग, लोक उतरून उभे. पहारेकऱ्यानं हात केला.

"बाई, दुचाकी उतरून ढकलत न्या."

चिमणीनं चवडे टेकले. रस्ता चढाचा. ती बाजूला उतरून तिच्या वजनाच्या चौपट गाडी ओल्या पत्र्यांवरून ढकलणार? मध्यावर कलली तर यावेळी बाजूला कुंडी नव्हती, दरी होती.

"ढकलणं मला जमायचं नाही, दादा," ती म्हणाली. "चालवत नेते. हळू."

"जमेल?"

तिनं पत्र्यांच्या त्या पट्ट्याकडे पाहिलं. मैदानातल्या साच्यांच्या गल्लीपेक्षा रुंदच होता. फक्त इथं नवरा स्टुलावर बसलेला नव्हता. "जमेल," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला जाणवलं की आपण खरंच तसं मानतोय.

मागचा ब्रेक हलका. क्लच अर्धा. नजर पलीकडच्या पांढऱ्या दगडावर. गाडी चालण्याच्या वेगानं पत्र्यावर चढली. पत्रा खडखडला, मागचं चाक बोटभर सरकलं. पण हात हलले नाहीत. ते कसे हलतील? ते तर वर्षानुवर्षं न हलण्याचंच काम करत आले होते. पत्रे संपले, डांबर लागलं. मागे मोटारींच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग आणखी कुणी. चिमणीनं डावा हात वर केला आणि उजव्यानं मूठ पिळली.

धुकं संपलं तसं एकदम ऊन पडलं. खाली तळं पसरलं होतं, चकचकीत, आणि त्याच्या काठावर रंगीत होड्यांची रांग.

आवाजबाईंचं घर काठावरच होतं. त्या दारात तोंडावर रुमाल धरून उभ्या. चिमणी हेल्मेट काढेपर्यंत त्यांना धीर नव्हता. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर त्यांना बसवलं, फोन बरणीला टेकवून उभा केला. पडद्यावर डॉक्टरीणबाई.

"आ करा. अजून. जीभ वर. हे काय दिसतंय मला? बाई, ते नाक आहे. फोन खाली घे गं."

कवळी बसली. डाव्या बाजूला मागे टोचत होती. चिमणीनं पेन्सिलीची खूण केली, बाहेर ओट्यावर यंत्र लावून कणभर घासली, पुन्हा बसवली. पुन्हा कणभर. तिसऱ्यांदा आवाजबाईंनी दात मिटले, ओठ फिरवले, आणि चेहरा एकदम भरून आला, जणू घरात माणसं परत आली.

"बोला काहीतरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स चं बोला."

आवाजबाई उभ्या राहिल्या. घसा साफ केला. "सगळ्या सुसाट सुटलेल्या सात होड्या सरोवरावर सरळ सरसावल्या!" त्यांचा आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडला आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

"बास," फोनमधून उत्तर आलं. "माझ्या कानाचा पडदा फाटेल."

शर्यत सुरू झाली. चिमणी काठावर, आवाजबाईंच्या मचाणाखाली उभी राहिली. शिक्षिकांची होडी आणि अग्निशमन दलाची होडी शेवटच्या टप्प्यात नाकाला नाक लावून आल्या. आवाजबाईंचा आवाज चढत गेला, चढत गेला, गर्दी त्यांच्याबरोबर पुढे झुकली. "शिक्षिका! नाही, बंबवाले! नाही, शिक्षिका, शिक्षिका, फळ्यावरच्या रेघेसारख्या सरळ येतायत, आणि... शिक्षिका!" शेजारचा एक गृहस्थ इतका उड्या मारत होता की त्यानं चिमणीच्या पायावर पाय दिला आणि माफीही मागितली नाही. तिलाही लागलं नाही. तीही उड्या मारत होती.

बक्षिसं वाटून झाल्यावर आवाजबाईंनी माइक सोडण्याआधी सांगितलं, "आज मी बोलले ते एका बाईंमुळे. घाट ओलांडून माझे दात घेऊन आल्या. ती बघा, ती लाल गाडी त्यांची." लोकांनी गाडीकडे वळून बघितलं. ओरखड्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. चिमणीच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं.

गर्दी पांगल्यावर तिनं घरी फोन लावला.

"पोचलीस ते कळलं," नवरा म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. व्यायामाचे सर येऊन गेले."

"मग?"

"आईनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, गाडी कामावर गेलीय, कामाला जाणारी गाडी आम्ही विकत नाही. वर त्यांच्या पँटची शिवण उसवलेली दाखवून दिली. गेले बिचारे. चालेल ना?"

"चालेल," चिमणी म्हणाली. समोर घाटाच्या उलट बाजूला एक रस्ता तळ्याच्या काठाकाठानं पुढे जात होता, झाडांत शिरून दिसेनासा होत होता. "ऐक ना. उद्या बेकरी बंद आहे."

"दर सोमवारी असते."

"मी आज येत नाही. आवाजबाई राहायला म्हणतायत. तूच ये. लांबच्या रस्त्यानं बस येते इथं. इथून पुढे एक रस्ता जातोय."

"कुठे जातो?"

"माहीत नाही. म्हणून तर. आणि येताना तुझं हेल्मेट आण."

मग मागून सासूबाईंचा आवाज, अगदी स्पष्ट: "जा की मग! इथं काय भट्टीला शेक देत बसतोस?"

रात्री उशिराच्या बसनं नवरा उतरला, हेल्मेट दोन्ही हातांत छातीशी धरून, जणू ते तापलेलं आहे आणि सांडेल. सकाळी आवाजबाईंनी दोघांना फाटकापर्यंत सोडलं. चिमणीनं मागची स्प्रिंग त्याच्या वजनाला जुळवून घट्ट केली, गाडीवर बसली, चवडे टेकले. तो मागे चढला तशी गाडी खाली बसली आणि या गाडीवर पहिल्यांदाच तिच्या दोन्ही टाचा जमिनीला लागल्या.

"अगं, धरू कुठे?"

"मला धर."

पहिलं वळण आलं तेव्हा तो तिच्या जॅकेटला असा बिलगला की सासूबाईंची शिवण पारखली गेली. दुसऱ्या वळणाला म्हणाला, "जरा हळू." तिसऱ्याला तिला जाणवलं, तो तिच्याबरोबर कलतोय. आणि मग सरळ रस्ता लागला, डावीकडे पाणी, उजवीकडे झाडं, आणि त्यानं तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

"काय?" तिनं ओरडून विचारलं.

"थोडी अजून पळव की!" बेकरीवाला ओरडला.